अर्भकांच्या तोंडातील पांढरे चट्टे

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसला, की घरातील मंडळी तो दुधाचा समजतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु तसाच थर गालांच्या आतील बाजूस, टाळूवर व हिरड्यांवरही पसरला असेल आणि स्वच्छ ओल्या फडक्याने हलकेच टिपूनही निघत नसेल, तर तो बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव असतो.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यांत असतेच. अर्भकाची प्रतिकारशक्ती अपुरी असल्याने तेथे ती फोफावते. प्रसूतीच्या वेळी मातेकडून, तसेच अस्वच्छ हात व दुधाच्या बाटलीची बोंडले यांद्वारे ती बाळापर्यंत पोहोचते. प्रतिजैविक औषधांमुळे तोंडातील उपकारक जंतू नष्ट झाले, तरीही तिचे फावते.

घरगुती उपायांचा धोका

चट्टे बोटाने खरवडल्यास खालची त्वचा सोलून रक्त येते. मधात किंवा ग्लिसरीनमध्ये टाकणखार कालवून लावण्याची प्रथा त्याहून घातक आहे. टाकणखार अर्भकास विषारी असून त्याने झटके येऊ शकतात. एक वर्षाच्या आतील बालकास मधही देऊ नये. सर्वांत मोठी चूक म्हणजे स्तनपान थांबविणे. तोंड दुखत असल्याने बाळ आधीच कमी पिते; त्यात दूध तोडल्यास त्याचे वजन घटते.

उपचार दोघांवर

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तपासणी करून बुरशीनाशक औषध देतात. चट्टे दिसेनासे झाले, तरी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. मातेच्या स्तनाग्रांस आग, खाज वा भेगा असल्यास तिच्यावरही त्याच वेळी उपचार व्हावयास हवेत; अन्यथा संसर्ग एकमेकांकडे फिरत राहतो. बाटली शक्यतो टाळावी. वापरलीच, तर बोंडले रोज उकळावीत. बाळ मुळीच पीत नसेल, त्यास ताप असेल वा ते मलूल दिसत असेल, तर विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. चट्टे वारंवार उद्भवल्यास कुपोषण व प्रतिकारशक्तीतील दोष यांचीही तपासणी आवश्यक ठरते.

आशा स्वयंसेविका जन्मानंतर 42 दिवसांपर्यंत घरभेटी देतात. त्या वेळी बाळाचे तोंड पाहिले जाते किंवा नाही, याची विचारपूस पंचायत सदस्यांनी केल्यास हा साधा विकार वेळीच आटोक्यात येईल.