काळादाणा : कुंपणावरील निळी वेल

पावसाळा सरता सरता तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठच्या शेतांच्या कुंपणांवर नरसाळ्याच्या आकाराची निळी फुले दिसू लागतात. ही नीलपुष्पीची वेल होय. बियांवरून तिला काळादाणा म्हणतात. रताळ्याच्याच कुळातील असली, तरी ती खाण्याची वस्तू नव्हे. पाने बहुधा त्रिखंडी, वेल केसाळ. फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत गुलाबी होऊन मिटते. निळ्या पाकळीवर लिंबाचा रस चोळल्यास तीही गुलाबी होते. वर्गात दाखविण्याजोगा हा बिनखर्ची प्रयोग आहे.

गोल बोंडात तीन कप्पे व त्यांत काळ्या, तिकोनी बिया असतात. वैद्य त्यांना कृष्णबीज म्हणतात. त्यांतील राळ तीव्र रेचक असल्यामुळे मेक्सिकोच्या जालप मुळाऐवजी १८६८ च्या भारतीय औषधिकोशात त्यांना स्थान मिळाले. परंतु मात्रा चुकल्यास मुरडा व अतिसार होऊन लहान मूल लवकर गळून जाते. गर्भवतीस तर हे औषध वर्ज्यच. घरगुती उपचार म्हणून ते कोणी देऊ नये.

मुले अशा बिया खिशात भरतात, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. कोणी गिळल्यास ओकारी न काढविता त्यास बोंडासह तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. वेल मात्र शाळेत अवश्य लावावी. चीनमधून औषध म्हणून जपानात गेलेली हीच वेल तेथील पहिलीची मुले कुंडीत वाढवितात. बी कठीण असते. शिक्षकांनी स्वतः टरफल किंचित घासून ते रात्रभर भिजवावे व बोंडे पिकण्यापूर्वी काढून घ्यावीत.