दोन रेघा दिसल्या म्हणून निर्धास्त नको

पोराच्या वागण्यात काहीतरी बिनसलंय अशी शंका आली, की हल्ली पालक लघवी तपासायची पट्टी मागवतात. हिचं गणित गरोदरपणाच्या पट्टीच्या नेमकं उलटं. नशेचा अंश असेल तर रेघ उमटत नाही; नसेल तर उमटते. दोन रेघा दिसल्या, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. कृत्रिम गांजाच्या बाबतीत हा दिलासा फसवा आहे.

नावांचा घोळ आधी निस्तरायला हवा. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणारा जो ‘हायड्रो’ गांजा वरचेवर पकडला जातो, तो झाडाचाच, फक्त मातीऐवजी पोषक द्रव्यांच्या पाण्यावर वाढवलेला. ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. ते उत्तेजक, त्याचा गांजाशी संबंध नाही. कृत्रिम गांजा ही निव्वळ कारखान्यातली पावडर. ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून ती कुठल्याही वाळक्या पाल्यावर फवारतात. द्रावक उडून जातं, पावडर पाल्यावर बसते, पण सगळीकडे सारखी बसत नाही. एकाच पुडीतली एक चिमूट पोकळ निघते आणि दुसरी माणसाला आडवं करते.

या रसायनांचा जन्म नशेसाठी झालेला नाही. गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची रचना इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये उलगडली. पुढे अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांनी, टीएचसी मेंदूतल्या ज्या ग्राहींवर बसतं त्याच ग्राहींवर बसणारी शेकडो संयुगं अभ्यासासाठी घडवली. त्यातलं जेडब्ल्यूएच-०१८ हे संयुग २००८ मध्ये जर्मनीत ‘स्पाइस’ नावाने, धूप म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सापडलं.

टीएचसी मेंदूतल्या ग्राहीला अर्धवटच चेतवतं. गांजा कितीही ओढला तरी परिणाम एका हद्दीत राहतो. कृत्रिम रेणू त्याच ग्राहीला पुरतं चेतवतात. म्हणून झटके येतात, छाती धडधडते, भास होतात, माणूस हिंसक होतो, कधी मूत्रपिंडं निकामी होतात. यावर नेमका उतारा नाही. झटके थांबवणं, सलाइन देणं, हृदय आणि मूत्रपिंडांवर नजर ठेवणं, एवढंच डॉक्टरांच्या हाती.

जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी ३३ जण रस्त्यावर शून्य नजरेनं, कण्हत डुलताना आढळले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं शोध घेतला, तेव्हा पुडीत एएमबी-फुबिनाका निघालं. टीएचसीच्या ८५ पट प्रभावी. रुग्णांच्या रक्तात मात्र ते मूळ रूपात नव्हतंच. शरीरानं त्याचं झपाट्यानं आम्लात रूपांतर केलं होतं, आणि ते आम्ल सापडलं म्हणून कोडं सुटलं.

पट्टी का चुकते, ते इथं कळतं. तिच्यातली प्रतिपिंडं टीएचसीपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाचा आकार ओळखतात. कृत्रिम रेणू ग्राहीला फसवतात, पण दिसायला टीएचसीसारखे नसतात. त्यांना पकडायला द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं वस्तुमान वर्णपटमापक लागतं. ते यंत्र रेणूचे तुकडे करून वजनावरून ओळख पटवतं. जुळवायला माहीत असलेला नमुना मात्र हाताशी हवा. एका रेणूवर बंदी आली, की एखादी बाजूची साखळी बदलून नवा बाजारात येतो. प्रयोगशाळा कायम एक पाऊल मागे, आणि मला सगळ्यात जास्त चिंता याचीच वाटते.

जालन्यात बसून हे कशाला वाचायचं? ऑक्टोबर २०२३ मध्ये शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात आणि पैठण एमआयडीसीत छापे पडले, तेव्हा मेफेड्रोन आणि केटामाइन हाती लागलं. तो कृत्रिम गांजा नव्हता. पण रसायनांची नशा आता मुंबई-पुण्यापुरती उरली नाही, हे त्यातून दिसलं. ब्रिटनमधल्या शाळांत जप्त केलेल्या व्हेपपैकी (ई-सिगारेटपैकी) साधारण सहापैकी एकात ‘स्पाइस’ निघाल्याचं बाथ विद्यापीठानं २०२४ मध्ये जाहीर केलं. व्हेप भारतात २०१९ पासून बंद आहेत, तरी चोरून मिळतात.

तेव्हा पोरगं अचानक बरळायला लागलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर पट्टीच्या नादी न लागता १०८ ला फोन करावा. त्याला कुशीवर झोपवावं, तोंडात काही कोंबू नये. उरलेली पुडी किंवा व्हेप भीतीपोटी फेकू नये, थेट डॉक्टरांच्या हाती द्यावी. जालन्याहून ६० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, आणि रक्तातून निसटलेला रेणू पुडीत सापडू शकतो.