एक रुंद, एक मोठा की दोन साधे? मॉनिटर घेताना मान आणि डोळ्यांचाही विचार करा

आपल्या वस्त्यांमधल्या घरांत आता संगणक ही नवलाई राहिलेली नाही. कुणाची मुलगी घरून दुकानदारांचे हिशेब लिहिते, कुणाचा मुलगा लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करतो, कुणी व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो, कुणी कोडिंग शिकतो. सुरुवातीला लॅपटॉपवर भागतं. काम वाढलं की एका बाजूला बिल, दुसऱ्या बाजूला एक्सेल आणि मध्येच व्हॉट्सॲप अशी खिडक्यांची उघडझाप सुरू होते. मग घरात चर्चा निघते, "मोठा मॉनिटर घेऊ या."

दुकानात गेलं की तीन रस्ते समोर येतात: लांबलचक अल्ट्रावाइड, टीव्हीएवढा मोठा किंवा शेजारी शेजारी दोन साधे. दुकानदार किंमत सांगतो, चमक दाखवतो. पण या मॉनिटरसमोर दिवसाचे आठ तास बसणाऱ्याच्या मानेचं आणि डोळ्यांचं काय होणार, याबद्दल तो बोलत नाही. घरात कमावणारी दोन माणसं असताना त्यातलं एक मानदुखीने घरी बसलं, तर मॉनिटरचे हप्ते कोण भरणार? म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

इंच म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ

मॉनिटरचे इंच आडवे मोजत नाहीत, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. त्यामुळे नुसत्या इंचांवर जाऊ नका. नेहमीच्या आकाराचा २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. २७ इंची ६० बाय ३४, तर ३२ इंची ७१ बाय ४० सेंटिमीटरचा भरतो.

अल्ट्रावाइडचा हिशेब वेगळा आहे. ३४ इंची अल्ट्रावाइड ८० सेंटिमीटर रुंद असतो, पण उंचीला जेमतेम २७ इंचीएवढाच. २९ इंची अल्ट्रावाइड तर उंचीला २३ इंचीच्या बरोबरीचा असतो. "२४ च्या जागी २९ घेतला" म्हणून आनंदाने घरी यावं, तर कागद वरून खाली आधीइतकाच दिसतो. वाढते ती फक्त रुंदी.

दुसरी गोष्ट ठिपक्यांची. मॉनिटरवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, मग तो २४ इंची असो की ३२ इंची. म्हणजे मोठा फुल एचडी मॉनिटर घेतल्याने त्यावर जास्त मजकूर मावत नाही, तेच ठिपके फक्त पसरतात. अक्षरं मोठी होतात, पण कडा फाटल्यासारख्या दिसतात. देवनागरीत काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं बारकाईने वाचावी लागतात. अशी विस्कटलेली अक्षरं दिवसभर वाचणाऱ्याचे डोळे लवकर थकतात. वाचन-लेखनाच्या कामासाठी फुल एचडी २४ इंचांपर्यंत चांगला. २७ इंची घ्यायचा असेल तर २५६० बाय १४४० आणि ३४ इंची अल्ट्रावाइड असेल तर ३४४० बाय १४४० ठिपक्यांचा आहे का, हे खोक्यावर वाचूनच पैसे द्या.

घरातला जुना ३२ इंची टीव्ही संगणकाला जोडला तर? सिनेमा बघायला हरकत नाही. पण त्या आकाराच्या बऱ्याच टीव्हींमध्ये फुल एचडीपेक्षाही कमी ठिपके असतात. जवळ बसून हिशेब लिहिण्यासाठी तो वापरू नये.

डोळ्यांना हवं अंतर

मॉनिटर डोळ्यांपासून निदान हातभर लांब हवा. खुर्चीत टेकून बसा आणि हात समोर सरळ करा. बोटांची टोकं मॉनिटरला जेमतेम लागली, तर अंतर ठीक आहे. मॉनिटर जितका मोठा, तितकं मागे बसावं लागतं. नेहमीच्या आकाराच्या मॉनिटरसाठी सोपा अंदाज असा की, जितके त्याचे इंच तितकेच इंच अंतर. २४ इंचीसाठी दोन फूट, ३२ इंचीसाठी पावणेतीन फूट, ४३ इंचीसाठी साडेतीन फूट.

आता आपल्या घराकडे बघा. दहा बाय बाराच्या खोलीत एका भिंतीला कपाट, एका भिंतीला पलंग आणि कोपऱ्यात दीड-दोन फूट खोलीचं टेबल. मॉनिटरचा स्टँडच त्यातली पाऊण फूट जागा खातो. अशा टेबलावर ४३ इंची मॉनिटर ठेवला, तर बसणारा त्याच्या तोंडाशी येतो. सगळा पडदा एका नजरेत मावत नाही आणि वरच्या ओळी वाचायला हनुवटी उचलावी लागते. दिवसातून शंभर वेळा हनुवटी वर गेली की संध्याकाळी मानेचा मागचा भाग आखडतो. म्हणून आपल्या बहुतेक घरांसाठी फार मोठा मॉनिटर हा पर्याय आम्ही पहिल्यांदा बाजूला काढतो. पैसे असले तरी त्याला लागणारी जागा आपल्याकडे नसते.

मानेला हवं ते समोर

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. आपली नजर सहज थोडी खाली झुकलेली असते, त्यामुळे मॉनिटरचा मध्य डोळ्यांपेक्षा खालीच बरा. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. डोकं सरळ असेल तर ते वजन मणक्यावर तोलून राहतं. डोकं पुढे झुकलं की तेच वजन मानेच्या स्नायूंना धरून ठेवावं लागतं. लॅपटॉपवर तासन्‌तास वाकून काम करणाऱ्यांची मान दुखते ती यामुळेच.

रुंदीचा प्रश्नही मानेचाच आहे. दोन फुटांवर बसल्यावर २४ इंची मॉनिटरची दोन्ही टोकं डोळे फिरवून आणि मान जराशी वळवून दिसतात. ३४ इंची अल्ट्रावाइडच्या टोकांपर्यंत मान नीटच वळवावी लागते. दोन मॉनिटर शेजारी असतील तर आणखी जास्त. अधूनमधून मान वळवण्याने काही बिघडत नाही, उलट हालचाल चांगलीच. त्रास होतो तो मान एका बाजूला वळवून बराच वेळ तशीच ठेवल्याने. म्हणून दोन मॉनिटर वापरणाऱ्यांनी दोन नियम पाळावेत.

पहिला, जास्त काम एकाच मॉनिटरवर असेल तर तो बरोबर नाकासमोर ठेवा. दुसरा त्याला चिकटून, आतल्या बाजूला थोडा वळवून. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असा महिन्या-दोन महिन्यांनी बदललात तर आणखी चांगलं.

दुसरा, दोन्हींवर सारखंच काम असेल तर दोघांचा जोड नाकासमोर येऊ द्या आणि दोन्ही मॉनिटर पुस्तक अर्धवट उघडून उभं करावं तसे आत वळवा. दोघांची उंची आणि उजेड सारखा ठेवा. एक झगझगीत आणि दुसरा मंद असेल, तर डोळ्यांना दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

कोणत्या कामाला काय?

हिशेब, डेटा एन्ट्री, अर्ज भरणं, एकीकडे वाचून दुसरीकडे लिहिणं: दोन साधे मॉनिटर उत्तम. इथे पुष्कळांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे, लॅपटॉपला एक २४ इंची मॉनिटर जोडला की दोन पडदे झालेच. मोठा समोर, लॅपटॉप बाजूला आणि हाताशी वेगळा कीबोर्ड-माउस. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त आराम देणारी ही मांडणी आहे.

व्हिडिओ एडिटिंग, गाण्यांचं मिक्सिंग, खूप रुंद तक्ते: यात लांब पट्टी एकसलग दिसणं उपयोगाचं असतं, मध्ये जोडाची काळी रेघ नको असते. इथे अल्ट्रावाइडला अर्थ आहे. टेबल खोल असेल आणि या कामातून नियमित पैसे येत असतील तरच तो घ्या. साधारणपणे एका ३४ इंची अल्ट्रावाइडच्या किमतीत दोन साधे २४ इंची मॉनिटर येतात.

बॅनर, पत्रिका, पुस्तकाची पानं: २७ इंची, जास्त ठिपक्यांचा एकच मॉनिटर पुरतो.

अभ्यास, टायपिंगची परीक्षा, ऑनलाइन वर्ग: २४ इंची एकच पुरे. उरलेल्या पैशातून पाठीला आधार देणारी खुर्ची घ्या.

घेण्याआधी लॅपटॉपला किंवा संगणकाला एचडीएमआयची जागा आहे का आणि किती मॉनिटर जोडता येतात, ते तपासा. कार्यालयांतून निघालेले जुने मॉनिटर स्वस्तात मिळतात. ते घ्यायला हरकत नाही, पण चालू करूनच बघा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा आणून डाग शोधा. उजेड कमी करून फोनच्या कॅमेऱ्यातून बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो मॉनिटर लुकलुकतो आहे. काहींचं डोकं अशा लुकलुकण्याने दुखतं.

वीजबिलाची भीती मात्र बाळगू नका. २४ इंची एलईडी मॉनिटरला साधारण २० वॅट लागतात. रोज आठ तास, महिन्याचे २५ दिवस चालवला तर चार युनिट होतात. दोन मॉनिटरचे आठ. एक मोठा अल्ट्रावाइडही जवळपास तेवढीच वीज घेतो.

खाली बसून काम करणाऱ्यांसाठी

आपल्या अनेक घरांत टेबलाला जागाच नसते. चटईवर बसून काम चालतं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त मांडणी नीट हवी. मॉनिटर जमिनीवर किंवा पाटावर ठेवू नका. कपड्यांची लोखंडी पेटी किंवा फूटभर उंचीचं भक्कम खोकं भिंतीशी लावा आणि त्यावर मॉनिटर ठेवा. कीबोर्ड मांडीजवळ, कोपर शरीरालगत राहील असा. पाठीमागे भिंतीचा किंवा उशीचा आधार घ्या. दर अर्ध्या तासाने उठून दोन पावलं चाला, नाहीतर पायांना मुंग्या येतात आणि कंबर धरते.

पत्र्याच्या घरात पावसाळ्यात गळणाऱ्या जागेखाली मॉनिटर नको. तीन पिनांचा प्लग पिन तोडून दोनाच्या बोर्डात घुसवू नका. ती तिसरी पिन शॉकपासून वाचवण्यासाठी असते.

उजेड, पापण्या आणि चाळिशी

मॉनिटर खिडकीच्या किंवा दाराच्या समोर नको आणि त्यांना पाठ करूनही नको. उजेड बाजूने यावा. रात्री घरचे झोपले म्हणून दिवा बंद करून अंधारात काम करू नका. छोटा दिवा भिंतीकडे वळवून लावा आणि मॉनिटरचा उजेड कमी करा. झोपेआधी तासभर पडदा बंद ठेवलात तर झोप चांगली लागते.

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. संगणकासमोर हे प्रमाण पाच ते सातवर येतं. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. मॉनिटर कितीही महागाचा असला तरी हे टळत नाही. उपाय फुकटचा आहे: दर २० मिनिटांनी, २० फूट लांबच्या वस्तूकडे, २० सेकंद बघायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या. खोलीत २० फूट नसतील तर दारातून गल्लीच्या टोकाकडे बघा.

पडद्यामुळे डोळे कायमचे जातात, अशी भीती घालून निळा प्रकाश अडवणारे चष्मे विकले जातात. संगणकामुळे येणाऱ्या थकव्यावर त्यांचा विशेष उपयोग दिसून आलेला नाही. ते पैसे डोळे तपासण्यावर खर्च करा. चाळिशी लागलेल्यांचा वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, दोन फुटांवरच्या मॉनिटरसाठी नाही. तपासणीला जाताना डोळ्यांपासून मॉनिटरचं अंतर दोऱ्याने मोजून घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगा. दोन भिंगांचा चष्मा असेल तर मॉनिटर आणखी थोडा खाली ठेवा, म्हणजे खालच्या भिंगातून बघण्यासाठी डोकं मागे टाकावं लागणार नाही. लहान मुलांना मात्र रोज एक-दोन तास उघड्यावर खेळू द्या. उन्हाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचं प्रमाण कमी राहतं.

हाताला मुंग्या येणं, बोटांतली पकड सैल होणं, मानेतून दंडापर्यंत कळ जाणं, एकाएकी अंधुक किंवा दोन-दोन दिसणं ही लक्षणं असतील, तर मॉनिटर हलवून बघत बसू नका. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात लगेच दाखवा.

खरेदीला निघण्याआधी

घरून निघताना तीन मापं कागदावर लिहून न्या: टेबलाची रुंदी, टेबलाची खोली आणि बसल्यावर डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. शक्य असेल तर जुन्या वर्तमानपत्राचा ८० बाय ३४ सेंटिमीटरचा आणि ५३ बाय ३० सेंटिमीटरचे दोन असे तुकडे कापा. ते भिंतीला चिकटवा आणि समोर दहा मिनिटं बसून बघा. कुठे मान वळते, कुठे हनुवटी वर जाते, ते तुम्हालाच कळेल. रद्दीतल्या कागदाने हे दहा मिनिटांत सांगितलं, तर हजारो रुपयांची चूक टळेल आणि मानही वाचेल.