जुनी गॅसबत्ती : विकत घेण्याआधी आणि पेटवण्याआधी



मागच्या वेळी आपण पितळी स्टोव्हबद्दल बोललो. संपल्यावर तीन-चार जण जवळ आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता : जुन्या बाजारात पेट्रोमॅक्स दिसते, घ्यावी का? आणि घेतली तर पेटवावी का? म्हणून आज टेबलावर या तीन बत्त्या आणल्या आहेत. आज यातली एकही पेटवणार नाही, हे आधीच सांगतो. सभागृह बंद आहे, आणि यातली एक तर पेटवण्याच्या लायकीचीच नाही. ती कुठली, हे इथून ओळखा बघू. पहिल्या रांगेतले काका मधल्या, काळवंडलेल्या बत्तीकडे बोट दाखवताहेत. नाही. ती उत्तम चालते. वाईट आहे ती ही डावीकडची, जी आरशासारखी चमकते आहे.

ही मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी घेतली. विक्रेत्यानं बफ मारून लखलखीत केली होती, काच नवी, दांडी नवी. घरी आणली, रॉकेल भरलं, हवा भरली, आणि काकडा शोधायला आत गेलो. गॅलरीत माझा भाचा उभा होता. परत येऊन बघतो तर खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर रॉकेलचं ओलं वर्तुळ. टाकीच्या बुडाशी, जिथे पत्रा वळवलेला असतो, तिथे केसाएवढी चीर होती. काकडा पटकन सापडला असता तर मी स्पिरिट पेटवलं असतं, आणि ते वर्तुळ त्या आगीखालीच वाढत गेलं असतं. तेव्हापासून मी बत्ती घेताना चमक बघत नाही. टाकी बघतो.

आधी ओळख. आपल्याकडे कुठल्याही दाबाच्या दिव्याला पेट्रोमॅक्स म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. वराती, तमाशाचे फड, गावची जत्रा, गणपतीची मिरवणूक, सगळीकडे हीच बत्ती डोक्यावर नाहीतर बांबूला. पण पेट्रोमॅक्स हे मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ या कंपनीनं १९१० च्या सुमारास हा दिवा आणला. कंपनीतल्या माक्स ग्रेट्झचं नाव आणि 'पेट्रोलियम' हा शब्द जोडून ते नाव तयार झालं. टाकीवर ८२९ सारखा मॉडेल नंबर आणि ५०० एच.के. किंवा सी.पी. असं असतं. एच.के. म्हणजे हेफ्नर मेणबत्ती, प्रकाश मोजायचं जुनं जर्मन माप, सी.पी. म्हणजे कँडलपॉवर. याच आराखड्यावर पोर्तुगालच्या तोर्रेस व्हेद्रास गावची हिपोलितो निघाली, चीनमधून बटरफ्लाय आणि सी अँकर आल्या, आणि आपल्याकडेही नकला झाल्या. नक्कल म्हणजे वाईटच असं नाही. पण पत्रा पातळ असण्याची शक्यता जास्त, एवढं लक्षात असू द्या.

इंग्लंडची टिली दिसायला वेगळी. तिची रॉकेल तापवणारी नळी मधोमध सरळ उभी असते, आणि ती पेटवायला स्पिरिटमध्ये बुडवलेला चिमटा त्या नळीला लावतात. म्हणजे आपल्या स्टोव्हचा काकडाच. जुन्या चिमट्याला पांढरी तंतूंची गादी असेल तर ती खरवडू नका, कुस्करू नका. त्यात पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आणि ओगलेवाडीचा प्रभात कंदील या घरातला नव्हे बरं का. त्याला वात असते, पंप नसतो, दाब नसतो. तुमच्या आजीच्या घरी कंदील होता की बत्ती, हे एका पंपावरून ठरतं.

आता नावातली एक खोच सांगतो, कारण तिच्यात खरा धोका आहे. जर्मनीत 'पेट्रोलियम' म्हणजे रॉकेल. पोर्तुगीज 'पेत्रोलिओ' दिव्यावर असेल तर तेही रॉकेल. स्वीडनच्या प्रायमस, ऑप्टिमस, रेडियस यांवर 'फोटोजेन' लिहिलेलं असतं, तेही रॉकेल. इंग्रजांच्या टिलीवर 'पॅराफिन' लिहिलेलं असतं. आपण पॅराफिन म्हटलं की मेण समजतो, पण तिथे तेही रॉकेलच. यातला 'पेट्रोलियम' वाचून कुणी पेट्रोल भरलं, तर? रॉकेलची वाफ नेहमीच्या हवेत चटकन पेट घेत नाही. भारतीय मानकाप्रमाणे त्याचा ज्वलनांक किमान ३५ अंश असावा लागतो. पेट्रोल शून्याच्या खाली चाळीस अंशांनासुद्धा पेटती वाफ सोडतं. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल घातलं तर हातात दिवा राहत नाही, बाँब राहतो. पेट्रोल नाही, थिनर नाही, "थोडं मिसळलं तर लवकर पेटते" हेही नाही. उलट अमेरिकेतल्या विचिटा गावच्या कोलमन बत्त्या बहुतेक पांढऱ्या पेट्रोलवर चालण्यासाठीच केलेल्या असतात. तशी हाती आली तर ती आज आपल्या विषयातली नव्हे.

आणि हो, त्या ३५ अंशांवर जरा थांबा. अकोल्याला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात दुपारी किती तापमान असतं? चाळीसच्या वर. म्हणजे तिथे उन्हात रॉकेल भरताना ते रॉकेलसुद्धा पेटती वाफ देऊ शकतं. भरायचं ते सावलीत, गार वेळी, आणि जवळ विडी-काडी नको.

ही चालते कशी, ते थोडक्यात. टाकीत तीन-चतुर्थांश रॉकेल, वर हवा. पंपानं हवा दाबली की रॉकेल नळीतून वर चढतं. ती नळी मेंटलच्या जवळून जाते, तिथल्या उष्णतेनं रॉकेलची वाफ होते. वाफ निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते, वाटेत हवा ओढून घेते, आणि हे मिश्रण मेंटलमध्ये जळतं. उजेड ज्योतीचा नसतो, तापलेल्या मेंटलचा असतो. म्हणून सुरुवातीला नळी बाहेरून तापवावी लागते. ती पुरेशी तापली नाही तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल बाहेर पडतं आणि पिवळा भडका होतो. गॅसबत्तीच्या भडक्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील, त्यांतल्या बऱ्याच इथूनच सुरू होतात.

बाजारात बघताना बत्ती उलटी करा. बुडाची कड, पंपाच्या नळीभोवतालची जागा आणि झाकणाची गळपट्टी, या तीन ठिकाणी बोट फिरवा. शिशाच्या रंगाचा डाग दिलेला दिसला, तर बत्ती परत ठेवा. डाग देणाऱ्याचा हात चांगला असेलही, पण ती टाकी एकदा फुटली होती हे नक्की. चेपलेली टाकी, विशेषतः कडेला दुमडलेली, नको. मग विचारून पंपाचे चार-पाच दणके द्या, जास्त नाही, आणि पंपाच्या मुठीवरून हात काढा. मूठ आपोआप वर आली तर पंपाच्या बुडाचा व्हॉल्व्ह गळतोय. हा दोष दुरुस्त होतो. पंप मारताना जोरच लागत नसेल तर चामड्याचा वायसर वाळला आहे. तेलात भिजवला की फुगतो. आमच्या घरी खोबरेल घालायचे. थंडीत ते गोठायचं आणि पहाटे पंप मारायचा म्हणजे व्यायाम. एरंडेल बरं.

मेंटल नसेल, काच तडकलेली असेल, घड्याळासारखा दाबमापक अडकलेला असेल, तरी त्यानं बत्ती वाईट ठरत नाही. या वस्तू बदलता येतात. टाकी बदलता येत नाही.

आता स्वच्छता, जिथे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात.

टाकी पितळेची असते, वर बहुधा निकेलचा मुलामा. पितळेला एक जुना शत्रू आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. ब्रिटिशांच्या इथल्या फौजेत काडतुसांची पितळी टोपणं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे. पावसाळा संपला की ती आपोआप तडकलेली सापडायची. याला 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले, म्हणजे ऋतूची तडक. खरं कारण १९२१ साली तिघा संशोधकांनी नीट उलगडलं : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. ठोकून, ओढून, वळवून आकार दिलेल्या पितळेत ताण उरलेला असतो. ओलसर हवेत अमोनिया लागला की त्या ताणाच्या रेषेवर पितळ चिरतं. टाकीची वळवलेली कड ही अशीच ताणाची जागा.

आता सांगा, गावाकडे जुनी बत्ती पंचवीस वर्षं कुठे टांगलेली असते? गोठ्यात. म्हणून गोठ्यातून आलेली बत्ती मी दुप्पट संशयानं बघतो. आणि काही पितळ-पॉलिशमध्ये, काच पुसायच्या द्रवांमध्ये अमोनिया असतो. नाकाला झोंबणारा वास आला की ती बाटली टाकीपासून लांब ठेवा.

चिंच, लिंबू, पितांबरी चालेल, पण चोळायचं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं, कोरडं पुसायचं. रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. आंबट द्रवात पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबं उरतं. पत्रा तसाच दिसतो, पण ठिसूळ होतो. गुलाबी डाग चोळून गेले तर वरवरचे आहेत. गेले नाहीत आणि त्यात सुईसारखे खड्डे दिसले, तर टाकी गेली समजा. ड्रिलला तारेचा ब्रश लावून घासू नका. त्यानं मुलामाही जातो आणि चिरा बुजल्यासारख्या दिसतात. माझ्या बत्तीचं तेच झालं होतं.

आतून : जुनं रॉकेल वाळून वार्निशसारखा चिकट थर होतो. ताजं रॉकेल आणि हातभर बारीक साखळी आत घालून हलवा, ओता, पुन्हा करा. वरची टोपी काढून हवेची नळी बघायला विसरू नका. मधल्या बत्तीत मला कुंभारमाशीचं आख्खं मातीचं घर मिळालं. नळी बुजली की हवा कमी, मग ज्योत पिवळी, काजळी, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड.

मग टाकीची परीक्षा, आणि ती पाण्यानं. वरची नळी काढून तिथलं तोंड घट्ट बंद करायचं, टाकी पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरायची, आणि पंपानं लाल खुणेपर्यंत दाब द्यायचा. पाणीच का? हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते. टाकी फुटली तर तुकडे उडतात. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी नुसती गळते. बाहेरून कोरडी पुसून अर्धा तास कागदावर ठेवा. एक थेंब दिसला तरी नापास. तोंड बंद करणं जमत नसेल तर स्टोव्ह दुरुस्तीवाल्याकडे न्या. पण "दाबाखाली पाण्यानं तपासून द्या" असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते पंप मारून कानाजवळ धरतात आणि "बरी आहे" म्हणतात. पास झाली तर उन्हात पूर्ण वाळवा, मग थोड्या रॉकेलनं विसळा.

पेटवायची ती उघड्यावर, सपाट जागी, आणि बाजूला ओलं गोणपाट किंवा वाळूची बादली. स्पिरिटची वाटी पूर्ण जळू द्या, थंडीत दोनदा. मग कमी दाबावर चालू करा. पांढरा उजेड आणि एकसारखा फुस्स आवाज आला, की दाब वाढवा. पिवळा भडका झाला तर पंप मारायचा नाही. माणूस घाबरून नेमका तेच करतो. झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि मागे सरका. दाब गेला की भडका बसतो. विझवायचीही याच स्क्रूनं. गरम असताना झाकण उघडून रॉकेल भरू नका. मेंटलला भोक पडलं की त्याच वेळी बदला, नाहीतर त्या भोकातून निघालेली ज्योत काच फोडते. आणि बंद खोलीत ही लावून झोपायचं नाही, कितीही थंडी असो.

एक-दोन प्रश्न घेऊ या.

(मेंटल किरणोत्सर्गी असतो, हे खरं का?)

जुना असेल तर हो. आवर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं १८९१ मध्ये जे मिश्रण पक्कं केलं, ते जवळजवळ ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड. आपल्याकडे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे, आणि ट्रॉम्बेला १९५५ साली थोरियमचा कारखाना सुरू झाला तेव्हा त्यातला माल मेंटलवाल्यांना जायचा. जवळ ठेवल्यानं फार काही होत नाही. त्याची राख श्वासात किंवा पोटात जाऊ द्यायची नाही. पहिल्यांदा जाळताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तोंड करून बसू नका, फुटलेला मेंटल फुंकर मारून साफ करू नका, ओल्या कागदानं उचला, हात धुवा. हल्लीच्या बऱ्याच मेंटलमध्ये यिट्रियम असतं, पुडी वाचून घ्या.

(आजोबांची बत्ती आहे, टाकीला चीर आहे. टाकवत नाही.)

टाकू नका. पंपाचा दांडा आणि वायसर काढून वेगळ्या डब्यात ठेवा, म्हणजे पुढे कुणी हौसेनं हवा भरणार नाही. मेंटलच्या जागी छोटा एलईडी दिवा बसवा, वायर वरच्या टोपीतून घ्या. आणि बुडाला एक चिठ्ठी चिकटवा : 'टाकी चिरलेली आहे, पेटवू नये'. माझ्या या डावीकडच्या बत्तीला तशी चिठ्ठी आहे. नंतर पुढे येऊन बघा.