शिकवणारी आस्थापना : शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षणाची पूर्वतयारी

नव्या यंत्रासाठी कर्ज मागावयास येणाऱ्या उद्योजकाच्या हाती यंत्राची दरपत्रके असतात, जागेची कागदपत्रे असतात, तीन वर्षांचे ताळेबंद असतात. ते यंत्र चालविणार कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या कागदपत्रांत क्वचितच सापडते. कुशल कारागीर बाजारात तयार मिळतो अशी एक समजूत असते. प्रत्यक्षात तो कोणी तरी, कोठे तरी, पुष्कळ वेळ व माल खर्चून घडविलेला असतो. प्रत्येकाने दुसऱ्याने घडविलेला माणूस उचलावयाचे ठरविले, तर घडविणारा कोणीच उरत नाही. या अडचणीवर कायद्याने शोधलेला मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी. परंतु उमेदवार घेणे निराळे आणि त्याला शिकविण्यास योग्य होणे निराळे. आस्थापनेने त्यासाठी कोणती तयारी करावी, याचा हा परिचय.

कायद्याची वाटचाल

कामाच्या जागीच काम शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुतार, लोहार, सोनार यांच्या घरी ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. आधुनिक उद्योगांनाही तिची गरज लवकरच भासली. १८६२ मध्ये सुरू झालेली जमालपूरची रेल्वे कार्यशाळा आणि १९२१ मध्ये जमशेदपूर येथे पोलाद कारखान्याच्या जोडीने उभी राहिलेली तांत्रिक संस्था ही त्याची उदाहरणे. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये संसदेने शिकाऊ उमेदवारी अधिनियम संमत केला आणि १ मार्च १९६२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक, १९८६ च्या दुरुस्तीने व्यावसायिक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आणि २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीव्यतिरिक्त अन्य शाखांचे पदवीधर या कायद्याच्या कक्षेत आले. त्यामुळे आज हा विषय लेथ आणि वेल्डिंगपुरता राहिलेला नाही. हॉटेल, रुग्णालय, दुकान, विमा कार्यालय आणि बँक यांनाही तो लागू पडतो.

२०१९ मध्ये नियमांत महत्त्वाचे बदल झाले. कंत्राटी कर्मचाऱ्यांसह ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. ४ ते २९ मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेस ते ऐच्छिक आहे. एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच व कमाल पंधरा टक्के इतके उमेदवार घ्यावयाचे असतात. म्हणजेच ८० माणसांच्या कारखान्यास किमान २ आणि कमाल १२ उमेदवार घेता येतात. या दोन आकड्यांमधील नेमकी संख्या ठरविणे हीच पूर्वतयारीची पहिली कसोटी होय. ती संख्या, शिकविण्यास किती माणसे मोकळी करता येतील यावरून ठरवावी. हातांची टंचाई किती आहे यावरून ठरवू नये.

भूमिका कोणती?

कागदपत्रांना हात घालण्यापूर्वी आस्थापनेने आपली भूमिका निश्चित करावी. या व्यवस्थेत प्रशिक्षणाचे दोन भाग असतात. पहिला मूलभूत प्रशिक्षणाचा. ज्याने आजवर कानस हाती धरलेली नाही, त्याला थेट उत्पादनाच्या जागी उभे करता येत नाही. त्याला आधी अवजारांची ओळख, मोजमाप, आरेखन वाचणे व सुरक्षिततेचे नियम शिकवावे लागतात. दुसरा भाग प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचा. आयटीआयमधून तोच व्यवसाय उत्तीर्ण होऊन आलेल्या उमेदवाराचा पहिला भाग झालेला असतो. त्याला सरळ दुसऱ्या भागात घेता येते.

त्यामुळे आस्थापनेपुढे दोन वाटा असतात. केवळ कामावरील प्रशिक्षण द्यावे आणि मूलभूत प्रशिक्षणासाठी उमेदवार अन्यत्र पाठवावेत, ही पहिली वाट. स्वतःच मूलभूत प्रशिक्षण देणारी मान्यताप्राप्त संस्था व्हावे, ही दुसरी. दुसरी वाट शासकीय व खासगी आयटीआय, स्वतंत्र प्रशिक्षण विभाग असलेले उद्योग आणि उद्योजकांचे समूह यांना खुली आहे. एकाच औद्योगिक वसाहतीतील आठदहा लहान कारखान्यांनी मिळून एक सामाईक केंद्र उभारणे, हा मार्ग लघुउद्योगांस विशेष सोयीचा ठरतो. एकट्याला न पेलणारा प्रशिक्षकाचा पगार व यंत्रांचा खर्च त्यात विभागला जातो.

दाद कोणाकडे मागावयाची, हेही आधीच जाणून घ्यावे. केंद्र शासनाच्या आस्थापना तसेच चार वा अधिक राज्यांत कामकाज चालविणाऱ्या आस्थापना केंद्रीय यंत्रणेच्या अखत्यारीत येतात. इतर खासगी आस्थापना सामान्यतः राज्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे. पदवीधर व पदविकाधारक उमेदवारांसाठी मुंबई, चेन्नई, कानपूर व कोलकाता येथे विभागीय मंडळे आहेत.

पाहणीला सामोरे जाताना

मूलभूत प्रशिक्षण देऊ इच्छिणाऱ्या संस्थेस शासनाच्या पोर्टलवर नोंदणी करून कोणत्या व्यवसायात किती जागा उपलब्ध आहेत हे नमूद करावे लागते. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी होते. पाहणीच्या आदल्या आठवड्यात रंगरंगोटी करणे म्हणजे तयारी नव्हे. पुढील चार बाबी मुळातून सिद्ध असाव्या लागतात.

पहिली बाब जागा व साधने. प्रत्येक व्यवसायाच्या अभ्यासक्रमात लागणाऱ्या अवजारांची व यंत्रांची यादी दिलेली असते. ती समोर ठेवून आपल्याकडील प्रत्येक वस्तू मोजावी. फिटरच्या तुकडीत वीस उमेदवार आणि बेंच व्हाइस मात्र आठ असतील, तर बारा जण हात बांधून उभे राहणार, हे उघड आहे. व्हर्निअर कॅलिपर व मायक्रोमीटर कपाटात कुलूपबंद ठेवून माप घेणे शिकविता येत नाही. शिवाय जी यंत्रे उत्पादनात दिवसभर गुंतलेली असतात, ती प्रशिक्षणाची साधने म्हणून मोजणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

दुसरी बाब प्रशिक्षक, आणि ती सर्वांत अवघड. उत्तम कारागीर हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. वीस वर्षे लेथवर काम केलेल्या माणसाच्या हातात कौशल्य असते, पण ते शब्दांत सांगण्याची सवय त्याला नसते. ‘असे कर’ म्हणून तो करून दाखवितो. ‘असेच का’ हे सांगत नाही. अशा ज्येष्ठ कामगारास शिकविण्याचे प्रशिक्षण मिळावे, त्याच्या उत्पादनाच्या उद्दिष्टातून शिकविण्याचे तास वजा व्हावेत आणि त्या कामाची नोंद त्याच्या वार्षिक मूल्यमापनात व्हावी. त्याच्या बोनसचा हिशेब केवळ नगांवर होत असेल, तर शिकाऊ मुलगा त्याला अडथळा वाटणार, यात त्याचा दोष नाही.

तिसरी बाब अभ्यासक्रम. अधिसूचित व्यवसायांचा अभ्यासक्रम शासनाने ठरविलेला असतो. ऐच्छिक व्यवसायात आस्थापनेला आपल्या गरजेनुसार अभ्यासक्रम आखता येतो. दोन्ही बाबतींत त्याचे आठवड्यांनुसार वेळापत्रक करणे आवश्यक आहे. कोणत्या आठवड्यात उमेदवार कोणत्या विभागात असेल, तेथे त्याला कोण शिकवील आणि आठवड्याअखेर त्याला काय करता आले पाहिजे, एवढे तीन रकाने असले तरी पुरते. कामाशी निगडित सैद्धान्तिक पाठ कोठे व केव्हा होतील, हेही त्यात यावे. ज्या आस्थापनेत हे वेळापत्रक नसते, तेथे मुलगा पहिल्या महिन्यात ज्या यंत्रापाशी उभा राहिला त्याच यंत्रापाशी बाराव्या महिन्यातही उभा असलेला दिसतो.

चौथी बाब सुरक्षितता. नवख्या हाताला धोका अधिक असतो, कारण भीती कोठे बाळगावी हे त्याला ठाऊक नसते. यंत्रांचे संरक्षक भाग, गॉगल, सुरक्षा बूट, प्रथमोपचार पेटी व अग्निशमनाची साधने ही उमेदवार येण्यापूर्वी जागेवर हवीत. किमान वय १४ वर्षे असले, तरी धोकादायक उद्योगांशी संबंधित व्यवसायांसाठी ते १८ आहे. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, हे कायद्याचे सूत्र आहे. परंतु आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई या बाबतींत कायद्याने त्याला उघड्यावर सोडलेले नाही.

करार आणि नोंदी

प्रशिक्षणाचा पाया म्हणजे उमेदवार व आस्थापना यांच्यातील करार. उमेदवार अल्पवयीन असल्यास त्याच्या वतीने पालक करार करतो. कराराचा तपशील पोर्टलवर सात दिवसांत भरावयाचा असतो आणि सल्लागाराकडून त्याची पडताळणी व नोंदणी होते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय यांच्यासाठी अधिसूचित व्यवसायांत जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे; तिचा विचार निवडीच्या आधीच व्हावा.

नोंदवह्यांकडे कंटाळवाणे काम म्हणून पाहिले जाते. वास्तविक हजेरी, विद्यावेतन, साप्ताहिक प्रगती व चाचण्या यांच्या नोंदी हाच आस्थापनेच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असतो. कराराचा भंग कोणाकडून झाला, असा प्रश्न उद्भवल्यास त्याच कामी येतात. कारण चूक आस्थापनेची ठरल्यास उमेदवारास भरपाई द्यावी लागते आणि चूक उमेदवाराची असल्यास प्रशिक्षणाच्या खर्चाची जबाबदारी त्याच्याकडे येते.

जादा कामाबाबतची तरतूद प्रत्येक पर्यवेक्षकाला माहीत असावी. सल्लागाराच्या मान्यतेविना शिकाऊ उमेदवाराकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही, आणि ते त्याच्या प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचे आहे अशी खात्री झाल्याशिवाय सल्लागारास ती मान्यता देता येत नाही. महिनाअखेरीस माल रवाना करावयाचा आहे, हे कारण त्यात बसत नाही.

खर्चाचा हिशेब

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमांनुसार शैक्षणिक पात्रतेप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले. दहावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय प्रमाणपत्रधारकास ७,०००, पदविकाधारकास ८,००० व पदवीधरास ९,००० रुपये. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. म्हणून अंदाजपत्रक करतेवेळी लागू असलेला दर पोर्टलवर पाहून घ्यावा.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यानुसार विद्यावेतनाच्या २५ टक्के, परंतु दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, भार केंद्र शासन उचलते. पूर्वी ही रक्कम आस्थापनेस परत मिळत असे. २०२३ पासून ती उमेदवाराच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत आली. समजा, एका कारखान्याने आयटीआय उत्तीर्ण चार उमेदवार एका वर्षासाठी घेतले. २०१९ च्या दराने वर्षाचे विद्यावेतन ३,३६,००० रुपये होते. त्यापैकी शासनाचा वाटा ७२,००० आणि आस्थापनेचा २,६४,००० रुपये. यात प्रशिक्षकाचे तास, सरावात वाया जाणारा माल, सुरक्षा साधने व हत्यारांची झीज मिळवावी. हा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरला नाही, तर तो पुढे मुलाच्या शिक्षणातूनच वसूल केला जातो. त्याच्या हाती सरावाचा तुकडा देण्याऐवजी झाडू दिला जातो.

विद्यावेतन पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळावे, असा नियम आहे. येथे बँकेचा संबंध थेट येतो. उमेदवाराचे खाते त्याच्या स्वतःच्या नावे असावे, आधार क्रमांकाशी जोडलेले असावे आणि नावाचे स्पेलिंग करारातील नावाशी जुळावे. एका अक्षराच्या फरकाने शासनाचा वाटा अडकतो आणि त्याचा फटका भाडे भरून शहरात राहणाऱ्या मुलाला बसतो. रुजू होण्याच्या दिवशीच जवळच्या शाखेच्या सहकार्याने सर्व उमेदवारांची खाती तपासून घेणे, हा त्यावरील साधा उपाय आहे. अनेकांच्या आयुष्यातील पहिली नियमित कमाई याच खात्यात येत असते. बचतीची सवय लागण्यास याहून योग्य वेळ नसते, हे शाखेतील कर्मचाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

प्रशिक्षण संपल्यावर

ठरलेला कालावधी व परीक्षा यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. ते देशभर चालते. त्याला नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर नाही. मात्र अशा उमेदवारांच्या भरतीबाबत आस्थापनेने आपले धोरण निश्चित करावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. हे धोरण पहिल्याच दिवशी उमेदवाराला स्पष्ट सांगावे. वर्षभर आशेवर ठेवून अखेरीस नकार देणे, यासारखा अन्याय नाही. आणि तो अन्याय केवळ त्या मुलापुरता राहत नाही. पुढच्या वर्षी त्याच्या गावातून कोणी त्या दारात येत नाही.

मान्यता मिळाली म्हणजे तयारी संपली, असेही नव्हे. पहिल्या तुकडीतील किती जण परीक्षेस बसले, किती उत्तीर्ण झाले, किती मधेच सोडून गेले आणि का गेले, याचा आढावा घ्यावा. सोडून गेलेल्यांशी बोलल्यास अहवालात न आलेल्या गोष्टी कळतात. राहण्याची गैरसोय, पाळीच्या वेळेला न मिळणारी बस, पर्यवेक्षकाची भाषा अशी कारणे बहुधा साधी असतात आणि थोड्या प्रयत्नाने दूर होण्यासारखी असतात.

यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने कमी होत जाते. शिकलेल्या हाताचे मोल मात्र वर्षागणिक वाढते. ज्या आस्थापनेने हे ओळखले, तिने शिकाऊ उमेदवारीकडे कायद्याची सक्ती म्हणून न पाहता भांडवली गुंतवणूक म्हणून पाहावे आणि तिच्यासाठी जागा, वेळ व पैसा तितक्याच काटेकोरपणे राखून ठेवावा. मग पुढच्या खेपेस कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या उद्योजकाला ‘यंत्र चालविणार कोण’ असे विचारले, तर त्याच्यापाशी नावानिशी उत्तर असेल.