फौज गेली काबूलला, बंड उठलं घोडेगावात

1838 च्या अखेरीस मुंबई इलाख्यातली इंग्रज फौज अफगाण मोहिमेवर निघाली. पुण्याची छावणी रोडावली.

ही बातमी जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पोचली आणि 1839 च्या सुरुवातीलाच कोळी बंडखोर उठले. किल्ल्यांवरच्या चाकऱ्या पेशवाईबरोबर बुडाल्याचा राग होताच. भाऊ खरे, चिमणाजी जाधव, नाना दरबारे हे पुढारी. बंड पेशव्यांच्या नावानं पुकारलं होतं. म्हणूनच याला नुसती लूटमार म्हणणं अन्यायाचं आहे!

सुमारे दीडशे जणांनी घोडेगावच्या महालकरी कचेरीला रात्रभर वेढा घातला, पण खजिना हाती लागला नाही. बंड मोडलं, बंडात सामील असलेल्या रामचंद्र गणेश गोरे यांना फाशी झाली.

आंबेगावकरांनो, हा इतिहास मुलांना जरूर सांगा.