गोठणारे डिझेल आणि करडईचे तेल

सोलापुरात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. त्याच फळीवरचे करडईचे तेल मात्र सहज ओतता येते. (करडई हे या भागाचे खास पीक, तिच्यावर संशोधनही सोलापुरात चालते.) थंडी एकच, मग फरक का? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. लडाखमध्ये बंद पडणाऱ्या ट्रकचे कोडेही त्यातूनच सुटते.

खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या जास्त असतात. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधली जाते, तसे हे रेणू एकमेकांना बिलगतात आणि सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली तेल थिजते. करडईच्या तेलातील साखळ्यांना दुहेरी बंधांपाशी बाक असतो. वाकड्या फांद्यांची मोळी कधी नीट बसते का?

डिझेल म्हणजे साधारण १० ते २२ कार्बन अणू असलेल्या हायड्रोकार्बनचे मिश्रण. त्यातल्या लांब, सरळ साखळ्या म्हणजे चक्क मेणच. १६ कार्बनचे हेक्साडेकेन १८ अंशांना गोठते, तर २० कार्बनचे आयकोसेन ३७ अंशांना. तरीही पंपावरचे डिझेल द्रव असते, कारण पाण्यात साखर विरघळावी तसे हे मेण इतर रेणूंमध्ये विरघळलेले असते. तापमान उतरले की विद्राव्यता घटते, मेणाचे पापुद्र्यांसारखे स्फटिक सुटे होतात आणि डिझेल गढूळ दिसू लागते. हे स्फटिक फिल्टरमध्ये अडकले की इंजिनाची उपासमार सुरू होते. थंडी आणखी वाढली तर पापुद्र्यांचे जाळे बनते आणि उरलेले द्रव त्यात कोंडले जाते. त्यासाठी एक-दोन टक्के मेण वेगळे झाले तरी पुरते. म्हणजे डिझेल 'गोठले' असे आपण म्हणतो, तेव्हाही त्यातले बहुतेक डिझेल द्रवच असते!

मग मेण काढूनच का टाकू नये? मेख इथेच आहे. डिझेल किती तत्परतेने पेट घेते ते सीटेन अंकाने मोजतात आणि सीटेन म्हणजे आपले हेक्साडेकेनच; त्याचा अंक १००. तितक्याच कार्बन अणूंच्या, पण खूप फांद्या फुटलेल्या एका रेणूचा अंक अवघा १५. जे रेणू उत्तम जळतात तेच थंडीत दगा देतात. त्यामुळे शुद्धीकरण कारखान्याला तडजोड करावी लागते.

भारतीय मानकांनुसार डिझेलचा प्रवाहबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ते वाहू शकते तो, उन्हाळ्यात १५ अंशांपेक्षा व हिवाळ्यात ३ अंशांपेक्षा जास्त नसावा. सोलापूरला एवढे पुरे. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली १५ अंशांपर्यंत सहज जातो; तिथे हे डिझेल कसे टिकणार? नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. त्याचा प्रवाहबिंदू उणे ३३ अंश आहे.

दुसरा उपाय आम्हाला अधिक मोहक वाटतो. इथिलीन-व्हिनाइल अ‍ॅसिटेटसारखी बहुवारिके दहा लाख भागांत काहीशे भाग मिसळली, की ती वाढत्या स्फटिकांना चिकटतात. मेण सुटते, पण मोठ्या पापुद्र्यांऐवजी बारीक कण बनतात आणि जाळे विणले जात नाही. मात्र हे द्रव्य डिझेल गढूळ होण्यापूर्वीच मिसळायला हवे. मागाहून घालून बनलेले स्फटिक विरघळत नाहीत.

पूर्वी चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. त्यातील आखूड साखळ्यांमुळे मेण विरघळलेले राहते, हे शास्त्र खरे. पण रॉकेलचे वंगणगुण कमी आणि गंधक जास्त. शिवाय आपल्याकडे ही भेसळ ठरते. पेट्रोल मिसळणे किंवा टाकीखाली जाळ करणे तर जिवावर बेतू शकते. आणि टाकीवर सोलापुरी चादर पांघरली तर? चादर उष्णता निर्माण करत नाही, फक्त ती जाण्याचा वेग मंदावते. रात्रभर उभ्या ट्रकचे डिझेल पहाटेपर्यंत गार होणारच.

वर्गात एक प्रयोग करता येईल. तीन परीक्षानळ्या घ्या. एकीत खोबरेल, दुसरीत करडईचे तेल, तिसरीत दोन्हींचे समभाग मिश्रण. त्या कोमट पाण्यात ठेवून थोडाथोडा बर्फ घालत जा आणि प्रत्येक तेल कोणत्या तापमानाला गढूळ होते ते नोंदवा. घाई करू नका. खोबरेल तेल कधीकधी गोठणांकाखालीही बराच वेळ द्रव राहते.